आतल्या केशरी लोकरीचं खरं काम

अमेरिकेत हरणाच्या बंदुकीच्या हंगामात, दुसऱ्या शिकाऱ्याने सावज समजू नये म्हणून, बहुतेक राज्यांत अंगावर झगझगीत केशरी घालावं लागतं. पण शिकाऱ्याचं जाकीट दिवसातून तीनदा उतरतं. पहाटे मचाणाकडे चढ चढताना, हरीण पाडल्यावर बाह्या सरसावून आतडी काढताना, आणि नंतर ते धूड ओढत गाडीपर्यंत नेताना. एरवी आतला, अंगालगतचा लोकरी कपडा कुणाच्या नजरेला पडत नाही. तो केशरी असावा का, हा प्रश्न या तीन वेळांपुरताच आहे. बाकी सगळा वेळ तो फक्त लोकर म्हणून कामाला येतो, आणि निवडतानाही तोच क्रम ठेवावा: आधी लोकर पारखायची, मग रंग.

पण त्या तीन वेळा हलक्यात घेण्यासारख्या नाहीत. उत्तर अमेरिकेतलं व्हाइटटेल हरीण बिथरलं की शेपूट उभारून पळतं, आणि झाडीतून पहिल्यांदा दिसते ती शेपटीची पांढरी आतली बाजू. प्रत्येक शिकाऱ्याची नजर तीच हलती पांढरी खूण शोधत असते. अशा जंगलात पांढरी, साईच्या रंगाची किंवा फिकट करडी बनियन घालून हरणावर ओणवं होऊन काम करणारा माणूस लांबून कसा दिसत असेल, ते सांगायला नको. तपकिरीही नको. केशरी मिळालं नाही तर निदान पांढरा आणि हरणाच्या अंगाचा रंग टाळायचा, एवढं तरी पाळावं.

मचाण, हाका, माग हे शब्द मराठीत आहेत, पण केशरी कपड्याचा नियम आपल्याकडे रुजायच्या आधीच १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बहुतांशी बंद झाली. त्यामुळे मिनेसोटा, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया, कोलोरॅडोत राहून पहिल्यांदा परवाना काढणाऱ्या मराठी माणसाला हे सगळं नव्याने शिकावं लागतं. तिथल्यांच्या घरात आजोबांचं लाल-काळ्या चौकड्यांचं लोकरी जाकीट खुंटीला असतं. ते जाकीट सुरेख आहे, पण संधिप्रकाशात लाल रंग काळपट पडतो, आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या माणसाला तर तो झाडीत मिसळूनच जातो. म्हणून नियम झगझगीत केशरीचे आहेत, साध्या लाल किंवा नारिंगीचे नाहीत.

नियम सगळीकडे एक नाहीत. पेनसिल्व्हेनियात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच. मोंटानात कमरेच्या वर ४००. कोलोरॅडोत ५०० चौरस इंच सलग रंग, त्यातच सगळ्या बाजूंनी दिसणारी टोपी आली पाहिजे, आणि केशरी छद्मनक्षी (झाडीत मिसळणारी कॅमो नक्षी) तिथे चालत नाही. विस्कॉन्सिनमध्ये कमरेवरच्या प्रत्येक बाहेरच्या कपड्याचा निम्मा भाग केशरी हवा. २०१६ साली झगझगीत गुलाबीला पहिली मान्यता दिली तीही विस्कॉन्सिननेच. मिनेसोटात टोपी आणि कमरेवरचा बाहेरचा कपडा, पण बाह्या आणि हातमोजे त्यात मोजत नाहीत. नक्षीचा कपडा असेल तर दर चौरस फुटात निम्मा रंग भरला पाहिजे. त्या त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचूनच निघावं, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: मोजला जातो तो सगळ्यात बाहेरचा थर. आतली लोकर कितीही केशरी असली तरी तिच्यावर तपकिरी जाकीट चढलं की कायद्याच्या हिशेबी ती शून्य. म्हणून दहा-पंधरा डॉलरची केशरी बंडी सुटत नाही. जाकीट काढलं तरी बंडी परत चढवायची. आतला केशरी थर हा बंडी बाजूला राहून गेली तर असलेला आधार आहे, बंडीच्या जागी घालायची वस्तू नाही.

बंडीचंही एकदा मापून पाहा. मध्यम अंगाच्या बंडीची पाठ ४५ बाय ६० सेंटिमीटर धरली तर २,७०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ४१८ चौरस इंच. पुढचं तेवढंच. एकूण ८३६, कोलोरॅडोच्या ५०० पेक्षा भरपूर वाटतं. आता पाठीवर ३० बाय ५०ची सॅक चढवा: २३२ गेले. दोन खांद्याचे पट्टे प्रत्येकी ७ बाय ३५: आणखी ७६. छातीवर दुर्बिणीची २० बाय २०ची पिशवी: ६२. उरले ४६६. दुकानात भरपूर वाटलेली बंडी पायवाटेवर एकटीने ५०० भरत नाही, टोपीने भर घातली तरच हिशेब जुळतो, आणि पाठीमागून तर माणूस जवळजवळ दिसेनासाच. सॅकवर केशरी आवरण चढवणं हा यावरचा सोपा उपाय. पावसाचं आवरण म्हणून विकतात तेच चालतं.

आता लोकरीवर केशरी रंग कसा बसतो ते पाहू, कारण फसगत इथेच होते. झगझगीत केशरी हा साधा रंग नव्हे. तो प्रकाशातला अतिनील आणि निळा भाग शोषून केशरी प्रकाश म्हणून परत टाकतो. त्याची तरंगलांबी साधारण ५९५ ते ६०५ नॅनोमीटरच्या घरात असते. पहाटे आणि तिन्हीसांजेला आकाशाचा उजेड निळसर असतो, म्हणून त्या वेळी साध्या नारिंगीपेक्षा तो कितीतरी उठून दिसतो. बहुतेक राज्यांत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडता येते, म्हणजे हा मुद्दा पुस्तकी नाही. पूर्ण अंधारात मात्र त्याचा काही उपयोग नाही. तो स्वतः उजळत नाही.

पॉलिस्टरवर हा रंग मस्त खुलतो, कारण खालचा धागा पांढराशुभ्र असतो. लोकर मुळातच साईच्या रंगाची. तिचा स्वतःचा पिवळेपणा निळा प्रकाश गिळतो आणि रंगाला मिळायचा खुराक आधीच कमी करतो. त्यातून लोकरीवर चढणारे झगझगीत रंग उन्हाला पॉलिस्टरवरच्यापेक्षा कमी टिकतात, आणि उन्हात लोकर स्वतःही पिवळी पडत जाते. म्हणून शंभर टक्के मेरिनोचा (मेरिनो मेंढीच्या बारीक, मऊ लोकरीचा) केशरी कपडा नवा असतानाही शेंदरी-विटकरीकडे झुकलेला दिसतो, आणि दोन-तीन हंगामांत आणखी उतरतो. हा बनवणाऱ्याचा खोटेपणा नाही, धाग्याचा स्वभाव आहे.

यातून दोन वाटा काढल्या गेल्या आहेत. एकीत कापड विणतानाच दोन धागे चालवतात: आतल्या अंगाला लोकर, बाहेरच्या अंगाला झगझगीत पॉलिस्टर. कपडा उलटा करून पाहिला की आतली बाजू मंद आणि बाहेरची भडक दिसते. रंग उत्तम, पण बाहेरचं निम्मं कापड आता पॉलिस्टर आहे, म्हणजे शेकोटीच्या ठिणगीने वितळून भोक पडणार आणि घामाचा वास लवकर धरणार. दुसरीत नायलॉनच्या बारीक गाभ्याभोवती मेरिनो गुंडाळतात. साधारण ८७ टक्के लोकर, १३ टक्के नायलॉन असं लेबलवर दिसतं. याचा रंग लोकरीसारखाच मंद, पण कापड टिकतं. ज्याच्यावर सगळा वेळ जाकीट आणि बंडी असणार आहे त्याने दुसरा प्रकार घ्यावा. जो चालत शिकार करतो आणि अर्धा दिवस नुसत्या शर्टावर बंडी घालून असतो, त्याला पहिला.

घेण्याआधी तपासायचा एकच सोपा मार्ग आहे: अतिनील विजेरी. ३६५ नॅनोमीटरची चांगली. ३९५ची स्वस्त असते, पण तिचा जांभळा उजेड डोळ्यात घुसतो आणि निवाडा कठीण होतो. अंधाऱ्या खोलीत कपड्यावर मारली की खरा झगझगीत रंग आतून पेटल्यासारखा केशरी दिसतो. साधा नारिंगी नुसता मातकट राहतो. जुना कपडा नव्या बंडीच्या शेजारी ठेवून हाच प्रयोग करावा. किती रंग उडालाय ते तिथल्या तिथे कळतं.

विजेरीचा दुसरा उपयोग त्याहून मोठा. हरणाच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात: एक ४५०-४६० नॅनोमीटरच्या निळ्याकडे, दुसरी ५३७च्या हिरव्याकडे. ६००च्या आसपासचं केशरी त्याला भडक दिसत नाही. त्यामुळे केशरी घातलं म्हणून शिकार हुकते ही भीती सोडून द्यावी. निळं टोक मात्र त्याला माणसापेक्षा जास्त दिसतं. आणि कपडे ‘पांढरेशुभ्र’ करणाऱ्या साबणाच्या पावडरीतली चमकद्रव्यं नेमकी तिथेच उजळतात. विजेरीखाली कपड्यावर निळसर-पांढरी चमक दिसली तर समजावं, हा कपडा हरणाला संध्याकाळी दिव्यासारखा दिसू शकतो. मग तो केशरी असो की झाडाच्या सालीसारखा छापलेला.

रंगाचं एवढं. आता लोकर.

घोंगडी अंगावर घेतलेल्या कुणालाही लोकर टोचते म्हणजे काय ते माहीत आहे. दख्खनी मेंढीचा धागा जाड आणि राठ. पावसात ती घोंगडी झकास, उघड्या अंगाला नाही. टोचण्याचं गणित सोपं आहे: ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड टोकं वाकत नाहीत, कातडीत रुततात. अशा धाग्यांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेलं की बहुतेकांना खाज सुटते. अंगालगतच्या कपड्याला १७.५ ते १८.५ मायक्रॉनची मेरिनो बघावी. १९.५ही चालते, ज्यांची कातडी राठ आहे त्यांना. १६च्या खालची मऊ खूप, पण सॅकच्या पट्ट्याखाली एका हंगामात जाळी होते. शिकारीसाठी ते पैसे वाया. लेबलवर मायक्रॉन लिहिलेलेच नसतील तर कापड मनगटाच्या आतल्या बाजूला नव्हे, मानेला घासून बघा. मान जास्त खरं बोलते.

दुसरा आकडा चौरस मीटरला ग्रॅमचा. १५० म्हणजे पातळ, २०० मधला, २५०-२६० जाड. मोठ्या मापाच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाला साधारण सव्वा-दीड चौरस मीटर कापड लागतं, म्हणून १५०चा शर्ट दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि २५०चा सव्वातीनशेच्या. लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओल धाग्याच्या पोटात घेऊ शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही. म्हणजे पातळ शर्टात साठेक ग्रॅम घाम मुरतो, जाडात शंभराच्या आसपास. पॉलिस्टरमध्ये जवळजवळ काहीच मुरत नाही, सगळं धाग्यांच्या फटीत राहतं. ओल मुरताना लोकर थोडी ऊबही सोडते. पण एक हद्द आहे, आणि ती ओलांडली की जाड लोकर सुकायला पातळपेक्षा फार वेळ घेते. चुका होतात त्या इथेच.

नेहमीची चूक अशी. नोव्हेंबरातली पहाट, उणे आठ-दहा अंश. माणूस गाडीपाशीच २५०चा जाड थर, वर उबदार जाकीट, सगळं चढवतो आणि मचाणापर्यंत पाऊण तास चढ चालतो. पोचेपर्यंत पाठ भिजलेली. मग चार तास हलायचं नाही. पहिला तास बरा जातो, दुसऱ्या तासात पाठीचा मधला भाग गार पडू लागतो, तिसऱ्यात दात वाजतात आणि माणूस हालचाल करायला लागतो. सावज त्याच्या आधी निघून गेलेलं असतं. दोष लोकरीचा नव्हे, क्रमाचा आहे.

बरोबर क्रम हा: अंगाला १५०चा केशरी शर्ट, वर फक्त बंडी, आणि गाडीतून निघताना थोडं गारठल्यासारखं वाटलंच पाहिजे. २०० किंवा २५०चा दुसरा लोकरी थर, उबदार जाकीट, वारा अडवणारा थर हे सगळं सॅकमध्ये. मचाणाखाली पोचल्यावर दहा मिनिटं थांबायचं, वाफ जाऊ द्यायची, मग एकेक चढवायचं आणि बंडी परत सगळ्यांच्या वर. पाठ फारच भिजली असेल तर दुसरा सुका १५०चा शर्ट सॅकमध्ये असलेला बरा. दोनशे ग्रॅमचं ओझं आहे. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा केव्हाही सोयीचे, कारण जाड थर अर्धा काढता येत नाही.

चालत माग काढणाऱ्याला १५० वरच भागतं. हाक्यात दोन्ही कामं असतात, हाकारे चालतात आणि बाकीचे जागा धरून बसतात, तेव्हा २००. हाक्यात केशरी आतला थर सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, हे आवर्जून सांगतो: हाकारे घामाघूम होऊन जाकिटाच्या चेन उघडतात, आणि माणसं एकमेकांच्या गोळीच्या रोखाने चालत असतात. तिथे उघड्या जाकिटातून केशरी दिसणं आणि करडं दिसणं यात फरक आहे.

कापूस कुठल्याच थरात नको, जाता जाता. चड्डीसुद्धा नाही. ती भिजली की वरची शंभर डॉलरची लोकर काय करणार?

शिवण बघताना दुकानात हात वर करून बघा. रायफल खांद्याला लावल्यासारखं करा, मग ओणवं व्हा. शर्टाचं खालचं टोक पँटीतून निघालं तर तो आखूड. खांद्यावरची शिवण सॅकच्या पट्ट्याखाली येत असेल तर दुसरा शर्ट बघा. ती पुढे किंवा मागे सरकवलेली हवी, आणि सपाट. गळ्याला चेन असेल तर छातीच्या मध्यापर्यंत उघडणारी घ्यावी, ऊब सोडायला दुसरं काहीच इतकं कामाचं नाही. मात्र चेन ओढायचा धातूचा तुकडा रायफलीवर किंवा दुर्बिणीवर टकटक वाजतो. तो काढून जागी दोरीचा तुकडा बांधा. खालच्या लेंग्यात तीन-चतुर्थांश लांबीचा बघा, पोटरीच्या वर संपणारा. पूर्ण लांबीचा असला की त्याची किनार, मोज्याची किनार आणि बुटाचं तोंड एकाच जागी येतात. दोन तासांत तिथे वळ उठतो आणि पाय गार पडतो. कापड अंगाला लागून बसावं पण ताणू नये. ताणलेली लोकर पातळ होते, आणि केशरी रंगही ताणला की फिका दिसतो.

धुण्यात लोकर आणि रंग, दोन्हींचं नुकसान होतं. लोकरीच्या धाग्यावर कौलांसारखे खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि शर्ट पोराच्या मापाचा होतो. यंत्रात धुता येईल असं लिहिलेल्या कपड्यांचे खवले बहुधा क्लोरिनने झिजवून वर राळेचा पातळ लेप दिलेला असतो. ते आटत नाहीत, पण वाळवणी यंत्रात घालायचे तेही नाहीतच. त्यात ताणला जाणारा स्पँडेक्सचा धागा असलाच तर तो उष्णतेने मरतो. थंड पाणी, ३० अंशांच्या आत. साबण लोकरीचा, आणि लेबलवर तीन गोष्टी नाहीत याची खात्री करून: चमकद्रव्य, प्रोटिएज आणि सुवास. प्रोटिएज हे प्रथिनाचे डाग खाणारं विकर आहे, आणि लोकर म्हणजे अखंड प्रथिनच. रक्ताचा डाग काढायला नेमका तोच साबण लोक उचलतात. रक्त ताजं असताना थंड पाण्यात भिजवून चोळलं की निघतं. गरम पाणी लागलं की बसतं ते कायमचं. क्लोरिनचं ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवतं.

वाळत घालायचं ते सावलीत आणि आडवं पसरून. दोरीवर उन्हात टाकणं ही आपली सवय, पण ते ऊनच रंग उतरवतं. शिकारीच्या दोन दिवसांमध्ये धुवायची गरज नाही. रात्री बाहेर हवेवर टांगला की चार-पाच दिवस सहज निघतात. कुसळं मात्र रोज वेचून काढा, आत ठेवली तर ती दुसऱ्या दिवशी धागा ओढून काढतात.

हंगाम संपला की कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. तिच्या अळ्या घामाचे, रक्ताचे डाग असलेली जागा आधी धरतात, म्हणून न धुतलेला शर्ट कधीच आत ठेवू नये. आणि इथे आपला हात आपोआप डांबरगोळ्यांकडे जातो. जाऊ देऊ नका. तो वास लोकरीत महिनोन्‌महिने राहतो, आणि हरणाच्या नाकाला तो शंभर पावलांवरून सांगतो की माणूस आलाय. स्वच्छ, पूर्ण सुकलेला शर्ट हवाबंद पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये उणे अठराला ठेवा, बाहेर काढून पिशवी न उघडता दिवसभर नेहमीच्या तापमानाला येऊ द्या, आणि पुन्हा एकदा फ्रीजरमध्ये. मग त्याच पिशवीत, अंधाऱ्या कपाटात, घडी घालून. हँगरवर नको, खांदे निघतात.